सगळेच दिग्दर्शक, मग बूम माइक कोण धरणार?

नगरच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर सिनेमावेड्या पोरांना विचारा, काय करायचंय? उत्तर एका सुरात येतं: डायरेक्शन. पहिली फिल्म कुठली? हॉरर. कारणही तयार असतं. हॉररला स्टार लागत नाही, गाणी लागत नाहीत. एक पडका वाडा, एक अमावस्या आणि चार मित्र असले की भागतं.

नाही भागत. प्रेमकथेत आवाज थोडा खरखरला तरी प्रेक्षक चेहऱ्याकडे बघून माफ करतो. विनोदी फिल्ममध्ये सावली चुकली तरी हशा येतो. भयपटात मात्र जिथे पाऊल वाजायला हवं तिथे वाजलं नाही, अंधाराच्या जागी नुसता काळा डाग दिसला, जखम मेणाची वाटली, की प्रेक्षक एकदा हसतो आणि मग शेवटपर्यंत हसतच राहतो. घाबरवण्याचं काम ज्यांच्या हातात असतं, ती माणसं कॅमेऱ्यासमोर नसतात आणि बहुतेक वेळा मॉनिटरसमोरच्या खुर्चीतही नसतात.

‘तुंबाड’चंच बघा. राही अनिल बर्वेचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून त्याचं बीज आलं. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, मधे बरंच काही पुन्हा चित्रित झालं, आणि पडद्यावरचा तो न थांबणारा पाऊस मिळवण्यासाठी युनिटने एकामागून एक पावसाळे वाट पाहिली. फिल्मफेअरमध्ये त्याला तीन पुरस्कार मिळाले. छायालेखनासाठी पंकज कुमार. कलादिग्दर्शनासाठी नितीन झिहानी चौधरी आणि राकेश यादव. ध्वनिआरेखनासाठी कुणाल शर्मा. तिन्ही पडद्यामागचे. सासवडच्या वाड्यात लोक आजही ‘तुंबाडचा वाडा’ बघायला जातात, पण त्या भिंतींवर ओल कुणी चढवली, कंदिलाच्या उजेडात चेहऱ्याचा नेमका किती भाग दिसू द्यायचा हे कुणी ठरवलं, ते तिथे गेलेल्यांपैकी किती जण सांगू शकतील? सिनेमातली ती भयंकर म्हातारी आणि नायक विनायकचा मुलगा पांडुरंग, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच पोराने केल्या आहेत. प्रेक्षकाला हे कळत नाही, ही रंगभूषाकाराची शाबासकी आहे.

आता कुणी म्हणेल, ‘तुंबाड’मागे पैसा होता, वर्षं होती. बरं, मग रामसेंकडे या.

रामसे बंधूंना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यातला नाही. फत्तेचंद रामसेंचे सात मुलगे, आणि प्रत्येकाने एकेक खातं वाटून घेतलं होतं. कुमार लिहायचा, गंगू कॅमेरा धरायचा, किरण आवाज सांभाळायचा, अर्जुन कापायचा, केशू कॅमेऱ्याला हात देत निर्मितीची व्यवस्था बघायचा, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे. वडिलांनी पोरांना श्रीनगरला नेऊन हाउसबोटीत ठेवलं, हातात जोसेफ मॅसेलीचं छायालेखनावरचं पुस्तक दिलं आणि सराव करून घेतला. मग सगळं कुटुंब बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेलं आणि १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक करायच्या. त्यांच्या सिनेमांत उणिवा शोधायला फार कष्ट पडत नाहीत, पण एक गोष्ट त्यांना नीट कळली होती: सात जणांनी दिग्दर्शक व्हायचं ठरवलं असतं तर एकही सिनेमा झाला नसता. सातांनी सात कामं शिकली म्हणून ‘पुराना मंदिर’पर्यंत पोहोचले.

आपल्याकडची चार मित्रांची टोळी नेमकी इथे चुकते. चौघेही गोष्ट सांगणारे. आवाज मोबाइलवर, लाइट मित्राच्या मंडपवाल्या काकांचा, मेकअप बहिणीच्या पाउचमधला. वर पोस्टरवर मोठ्या अक्षरात ‘अ फिल्म बाय’.

आणि हे नगरात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. याच शहरातल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेताना नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथेच शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडेंनी घरची जमीन विकून ‘ख्वाडा’ उभा केला. बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, ते सगळ्यांना आठवतं. त्याच सिनेमाला दुसराही एक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता: स्थळध्वनिमुद्रणाचा. महावीर सब्बनवाल यांना. उघड्या माळावर, वाऱ्यात, मेंढरांच्या कळपात संवाद जागेवरच टिपायचा, नंतर डबिंगच्या खोलीत बसून जुळवायचा नाही, ही ती कामगिरी. ‘ख्वाडा’ भयपट नव्हे. पण भयपट करू बघणाऱ्या नगरच्या पोरांना यापेक्षा जवळचा धडा दुसरीकडे मिळणार नाही.

भयपटाचं अर्धं काम कानातून होतं. म्हणून आवाजावर थोडं रेंगाळतो.

ध्वनिमुद्रक सीन संपल्यावर ओरडतो, ‘कुणी हलू नका, अँबियन्स घेतोय.’ पॅकअपची घाई असलेलं युनिट वैतागतं. तो मिनिटभर नुसती शांतता टिपत असतो, कारण प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. अकोले तालुक्यातल्या रतनवाडीची शांतता वेगळी, सुप्याजवळच्या पवनचक्क्यांखालची वेगळी, श्रीरामपूरकडच्या पाटाच्या कडेची आणखी वेगळी. संवादांच्या मधल्या फटी याच शांततेने भरायच्या असतात. ती नसली की दोन वाक्यांमध्ये आवाज एकदम मरतो, आणि प्रेक्षकाला कळत नाही काय चुकलं, पण भीती उतरते. मग पोरं घाईघाईने इंटरनेटवरून उतरवलेला घुबडाचा आवाज लावतात. परदेशी घुबड, परदेशी लांडगा. राहुरीच्या उसात लांडगा कुठून आला? तिथे रात्री टिटवी ओरडते, रातकिडे लागतात, लांबून कुत्री उत्तर देतात, कुठल्यातरी मंदिराचा भोंगा उशिरापर्यंत चालू असतो आणि पाण्याच्या मोटरीचा एक सततचा घुमारा असतो. तो घुमारा अचानक बंद पडला तर काय होतं, हे रात्रीच्या लाइटला दारं धरायला गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्या एका आवाजाच्या बंद पडण्यात अख्खा सीन आहे. पण तो टिपायला कानाला हेडफोन लावून रात्रभर बांधावर बसणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचं नाव पोस्टरवर नसतं.

हिचकॉकच्या ‘सायको’त सुरीचे वार ऐकू येतात, तो आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळवला होता. हाड मोडल्याचा आवाज तिकडचे लोक सेलरीची दांडी मोडून काढतात. आपल्याकडे ओल्या उसाचं कांडं आहे, शेवग्याची शेंग आहे, पायाखाली वाजायला पाचट आहे. हे सगळं मुद्रित करून ठेवणारं एखादं पोर नगरमध्ये तयार झालं, तर पुण्या-मुंबईचे लोक त्याच्याकडे येतील.

शनी शिंगणापूरची घरं मला या बाबतीत नेहमी खुणावतात. दरवाजाच नसलेली घरं. भयपटाची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे करकरणारं दार. रामसेंनी तर ‘बंद दरवाजा’ नावाचाच सिनेमा काढला. जिथे दार नाही तिथे कुणीतरी आत आल्याचं कशाने कळेल? हा प्रश्न लेखकाइतकाच ध्वनिआरेखकाचा आहे.

आता ऊस. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये आला आणि उसाच्या फडात मराठी भयपटाला स्वतःची जागा सापडली. गरोदर बाई, चहूकडे माणसापेक्षा उंच ऊस आणि त्यातून ऐकू येणारी पोरं. पुढे त्याचाच हिंदी अवतार ‘छोरी’ झाला. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्या जिल्ह्यातल्या पोरांनी हा सिनेमा बघून ‘अरे, हे तर आपल्या मळ्यातलं’ असं म्हटलं नसेल तरच नवल. मग निघाले कॅमेरा घेऊन फडात.

जा. पण आधी निर्मिती व्यवस्थापक नावाचा माणूस नेमा, आणि त्याला या गोष्टी विचारायला लावा.

ऊस कधी तुटणार? गळीत हंगाम सुरू झाला आणि कारखान्याची टोळी आली की तुमचं लोकेशन बघता बघता सपाट होतं. अर्धा सिनेमा उभ्या उसात आणि अर्धा खोडव्यात, अशी कंटिन्युइटी कुठलाही संकलक जुळवू शकत नाही. शेतकऱ्याला तोडणीची तारीख विचारा, मोडलेल्या उसाचे पैसे आधी ठरवा, आणि पूर्ण बाहीचे कपडे घाला. उसाचं पान कापतं.

वीज कुठून? वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकून शूटिंग करायचं डोक्यात असेल तर कॅमेरा घरी ठेवा. ओल्या सरीत पाय, हातात लोखंडी स्टँड आणि वर चोरीची वीज, यात लाइटमनचा जीव जाऊ शकतो. जनरेटर भाड्याने घ्या, तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब उभा करा म्हणजे आवाजात घुसणार नाही, आणि केबल पुरेशी आणा. अंधार दाखवायलाही उजेड लागतो, हे नव्या पोरांना उशिरा कळतं. एक दिवा उंचावर, उसाच्या मागून. शेंड्यांची कड उजळते आणि खालचा काळोख जास्त दाट दिसतो. कुठे लावायचा, त्याच्यापुढे उजेड अडवणारा कटर किती घालायचा, हे सांगणारा अनुभवी लाइटमन तुमच्या सगळ्या लेन्सपेक्षा मोलाचा आहे.

आणि बिबट्या. हे घाबरवायला सांगत नाही. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, शेती आणि वस्तीच्या त्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे असल्याचं त्यात दिसलं. उसात ते राहतात, तिथेच पिल्लं देतात. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला बिबट्या २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला, तर तो चालत थेट मुंबईपर्यंत गेला. सुजय डहाकेंचा ‘आजोबा’ हा सिनेमा त्याच्यावरच आहे. जिल्ह्यात बिबट्याने माणसांवर हल्ले केल्याच्या घटनाही घडल्या आहेत. तेव्हा रात्री फडात घुसण्याआधी वनखात्याच्या माणसाशी बोला, गावातल्यांना विचारा, आणि भुताच्या वेशातल्या नटीला ‘तू एकटी आतून चालत ये’ म्हणून सांगू नका. वाकून, पाठमोऱ्या बसलेल्या माणसाला तर एकटं सोडूच नका. वेशभूषेची पोरगी साडीच्या निऱ्या जमिनीजवळ नीट करत असते तेव्हा ती नेमकी तशीच बसलेली असते.

भंडारदऱ्याच्या बाजूला मे अखेर ते जूनमध्ये काजवे निघतात. झाडंच्या झाडं लुकलुकतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्या फिल्ममध्ये हे पाहिजे. काजवे उजेडाने जोडीदार शोधतात. तिथे तुमचे मोठे दिवे लावले तर त्यांचा हंगाम बिघडतो. त्या दिवसांत त्या रानात लाइट लावू नये, एवढं साधं आहे.

रक्ताबद्दल थोडक्यात. जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये पिट्सबर्गकडे ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला, तो कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. रंगीत फिल्ममध्ये साखरेचा पाक आणि खायचा रंग चालतो, पण त्याला रात्री मुंग्या लागतात, कपडा धुतला तरी डाग राहतो, म्हणून एकाच साडीच्या दोन-तीन प्रती लागतात. लॅटेक्स कातडीवर लावण्याआधी हातावर थोडंसं लावून बघायचं असतं. अंगावर उठलं तर तो चेहरा रात्रभर तसाच ठेवता येत नाही. हे सगळं शिकलेली रंगभूषाकार मुलगी पैसे मागते तेव्हा ‘बजेट नाही गं, क्रेडिट देतो’ असं म्हणणाऱ्याने भयपट करूच नये.

रोमेरोच्या त्या सिनेमाची आणखी एक गोष्ट प्रत्येक स्वतंत्र निर्मात्याने भिंतीवर लावावी. सिनेमाचं नाव ऐनवेळी बदललं, नव्या शीर्षकपाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली, आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार सिनेमा सगळ्यांसाठी खुला झाला. जगभर तो दाखवला गेला, विकला गेला. करणाऱ्यांच्या हातात त्यातलं फारसं आलं नाही. कागद सांभाळणारा माणूसही पडद्यामागचाच. तो मित्रांच्या टोळीत कधीच नसतो.

आता ज्याबद्दल मला खरा राग आहे ते. झोप.

भयपट रात्री होतो. संध्याकाळी सहाला जमायचं, आठला खिचडी, दिवे लागेपर्यंत दहा, पहिला शॉट बाराला आणि पहाट झाली की ‘अजून दोनच शॉट’. सकाळी तेच लाइटमन टेम्पो भरतात, तोच पोरगा गाडी चालवत सगळ्यांना घरी सोडतो. १९९७ मध्ये अमेरिकेत ‘प्लेझंटव्हिल’च्या चित्रीकरणात एकोणीस तासांचं काम संपवून घरी निघालेला ब्रेंट हर्शमन हा सहायक कॅमेरामन गाडी चालवताना झोप लागून अपघातात गेला. कामाचे तास चौदावर रोखावेत म्हणून त्याच्या सहकाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, आणि छायालेखक हॅस्केल वेक्सलरने याच विषयावर पुढे माहितीपट केला. तो हॉलिवूडचा मोठा स्टुडिओ होता. आपल्याकडे रस्ता नगर-मनमाडचा, हंगामात पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही. जागरण करून तिथे गाडी चालवायला लावणं ही सिनेमाची तळमळ नव्हे. रात्री शूटिंग करायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी झोपायला खोली हवी, किंवा न जागलेला ड्रायव्हर हवा. खर्चाच्या कागदावर कॅमेऱ्याच्या भाड्याच्या आधी ही ओळ लिहा. त्यासाठी एक दिवस कमी शूटिंग करावं लागलं तर करा.

पैसे नाहीत, हे मला मान्य आहे. स्वतंत्र सिनेमा तसाच होतो. पण पैसे नसतात तेव्हा बाकीचं सगळं जास्त नेमकं ठेवावं लागतं: किती तास, किती दिवस, जेवण काय, भाडं कोण देणार, फिल्म विकली गेली तर कुणाला किती. एका कागदावर, दोघांच्या सहीने. मैत्री असेल तर कागद आणखी लवकर करा. फिल्म अडकली की सगळ्यात आधी बुडते ती मैत्री, आणि त्या लाइटमनचे पैसे, जो मुळात तुमचा मित्र नव्हताच, रोजावर आलेला होता.

नगरला हे शिकायला परक्या गावी जायची गरज नाही. राज्य नाट्य स्पर्धा इथल्या केंद्रावर होते. तिच्यात नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला वेगळी बक्षिसं असतात. महाकरंडक स्पर्धेसाठी गावोगावच्या एकांकिका इथे उतरतात. दोन मिनिटांत सेट उभा करणारी, एका स्पॉटमध्ये विहीर दाखवणारी, विंगेत बसून थाळ्यावर वीज कडाडवणारी पोरं या शहरात आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांना कुणी भयपटासाठी बोलावलेलं नाही, कारण फिल्मवाल्या पोरांना वाटतं नाटक म्हणजे जुनं. अरे, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू रामदास पाध्येंनी घडवला. वडिलांकडून आलेली बोलक्या बाहुल्यांची कला, आणि १९९३ मध्ये अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं रात्री बाहुलीला पाठ करून झोपायला घाबरली. स्टेजवरचा कारागीर सिनेमात आला की काय होतं, ते याहून वेगळं सांगायला नको.

तेव्हा जिल्ह्यात यंदा जे जे लघुपट महोत्सव भरवणार आहेत, त्यांना माझी मागणी आहे. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं बक्षीस राहू द्या. त्याच्या शेजारी ध्वनी, प्रकाश, रंगभूषा आणि कलादिग्दर्शन यांची बक्षिसं ठेवा, तितक्याच रकमेची. प्रवेश अर्जात या चौघांच्या नावाचे रकाने छापा आणि फिल्मच्या श्रेयनामावलीशी ते ताडून बघा. ध्वनिमुद्रकाच्या रकान्यात दिग्दर्शकाचंच नाव दिसलं, तर आवाज खरंच त्याने धरला होता का, हे त्याला स्टेजवर बोलावून सगळ्यांसमोर विचारा.